न हलणारा ठिपका

पस्तीस वर्षं विमानं उतरवली, पण ज्या चाकांवर ती उतरली ती चाकं मला माझ्या खुर्चीतून एकदाही दिसली नाहीत. बोइंग 777-300 ईआरच्या पुढच्या चाकापासून मुख्य चाकांपर्यंतचं अंतरच 31 मीटर आहे, आणि कप्तानाची खुर्ची पुढच्या चाकाच्याही पुढे. नाट्यगृहात पहिल्या रांगेत बसायचं, मान वळवायची नाही, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाचं पाऊल अंधारात पायरीवर अलगद टेकवायचं, तसलं हे काम. त्यात ते नाट्यगृह ताशी 260 किलोमीटरने पुढे चाललेलं.

निवृत्त झाल्यापासून लग्नामुंजीत दोन प्रश्न ठरलेले असतात. एक मोठ्यांचा: "हल्ली सगळं कॉम्प्युटरच करतो ना?" त्याचं उत्तर सोपं आहे. दिल्लीच्या जानेवारीतल्या धुक्यात करतो, आणि चांगलं करतो. एरवी शेवटी बहुतेक वेळा माणसाचेच हात लागतात. दुसरा प्रश्न लहान मुलांचा: "जमीन जवळ आली हे कळतं कसं?" याचं धड उत्तर मला अजून एकाही पंगतीत देता आलेलं नाही. आमटी निवते, मुलं उठून जातात.

1982 साली मी जुहूला बॉम्बे फ्लाइंग क्लबात शिकायला लागलो. सांगलीहून आलेलो, पार्ल्यात मामांकडे राहायचो, वय वीस. विमान म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं पुष्पक. दोन माणसांचं, कापडी अंगाचं, शेपटीखाली छोटंसं चाक. पहिले पंधरा दिवस मी ते उतरवत नव्हतो, टाकत होतो. जमीन जवळ आली की छातीत धस्स व्हायचं आणि हात आपोआप काठी पोटाशी ओढायचे. पुष्पक पुन्हा वर उसळायचं, वेग संपायचा, आणि मग आम्ही दोघं पोतं पडावं तसे पडायचो.

इन्स्ट्रक्टर हवाईदलातून आलेले. बाकीच्यांशी हिंदीत बोलत, माझ्याशी मराठीत ओरडत.

"कुठे बघतोयस?"

"खाली, सर. जमिनीकडे."

"का? पळून जाणारेय का ती? लांब बघ. रनवेच्या त्या टोकाला बघ."

मला वाटायचं, ज्या जमिनीला टेकायचं तिच्याकडे बघायचं नाही, हा काय उफराटा कारभार. पण नाकाखालची जमीन इतक्या वेगाने मागे सरते की तिचा नुसता फराटा दिसतो. फराट्यावरून उंची कळत नाही. लांब नजर टाकली की डोळ्यांच्या कडेने रनवेच्या दोन्ही कडा दिसत राहतात. वर असताना त्या कडा लांबुळक्या, एकमेकींकडे झुकलेल्या. खाली येताना त्या फाकत जातात, आणि अगदी शेवटी दोन्ही कानांच्या पातळीला चढू लागतात. चढतात म्हणजे खरोखर चढल्यासारख्या वाटतात, विहिरीत उतरताना काठ वर जातो तशा. ज्या दिवशी ते मला पहिल्यांदा दिसलं त्या दिवशी पुष्पक टेकलं ते मला कळलं नाही. इन्स्ट्रक्टर काही बोलले नाहीत. त्यांच्या लेखी ती शाबासकी.

पण ही झाली शेवटच्या काही सेकंदांची गोष्ट. त्याआधी रनवेपर्यंत पोचायचं असतं, आणि तिथे लांब बघून चालत नाही. तिथे त्यांनी मला दुसरा धडा दिला. एकदा उडण्याआधी खिशातून ग्रीस पेन्सिल काढून त्यांनी समोरच्या काचेवर हरभऱ्याएवढा ठिपका काढला. म्हणाले, खुर्ची हलवायची नाही, मान ताठ ठेव, आणि रनवेवरची जागा या ठिपक्यामागे धर. ती जागा काचेवर वर सरकली तर तू तिच्या अलीकडे पडणार. खाली सरकून नाकामागे जायला लागली तर तू पलीकडे जाणार. आणि हललीच नाही, तर तिथेच चाललायस.

हे मला लगेच पटलं, कारण सांगलीला मी लाँग-ऑनला उभा राहायचो. उंच उडालेला चेंडू आपल्याकडे येतोय की डोक्यावरून जातोय हे कोणी गणित करून ठरवत नाही. पळता पळता चेंडू नजरेत वर चढत राहिला तर मागे व्हायचं, खाली ढळला तर पुढे यायचं, आणि नजरेत स्थिर राहिला की फक्त हात पुढे करायचे. विमानात एवढाच फरक की चेंडू आपण स्वतः असतो. पुढे कळलं की दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाईदलासाठी काम करताना जेम्स गिब्सन या मानसशास्त्रज्ञाने नेमकं हेच कागदावर मांडलं होतं: आपण ज्या बिंदूकडे जातो तेवढा एक बिंदू स्थिर असतो, बाकी सगळं दृश्य त्याच्यापासून चहूबाजूंना पसरत जातं. आमच्या इन्स्ट्रक्टरांनी गिब्सन वाचला असेल असं वाटत नाही. त्यांच्याकडे ग्रीस पेन्सिल होती.

त्याच वर्षी 15 ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, लेपर्ड मॉथ घेऊन कराचीहून जुहूला उतरले. 1932 च्या पहिल्या टपाल उड्डाणाला पन्नास वर्षं झाली होती. आम्ही शिकाऊ पोरं गर्दीच्या मागे टाचा उंचावून उभे. तो काळ विमान उतरवण्याच्या दृष्टीने आमच्याहून किती अवघड होता हे मला नंतर समजलं. तेव्हाचं जुहू म्हणजे समुद्रालगतची चिखलाची सपाटी, पावसाळ्यात पाण्याखाली जायची, आणि टपालाची विमानं तेवढे महिने पुण्याला हलवावी लागायची. ना काँक्रीट, ना दिवे, ना रंगवलेल्या पट्ट्या. ठिपका धरायचा कशावर?

मोठ्या विमानावर आलो तेव्हा आधीचं बरंच विसरावं लागलं. नव्वदीच्या सुरुवातीला मी 747 वर को-पायलट झालो. जमिनीवर उभ्या 747 मध्ये पायलटचे डोळे तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत उभं राहिल्यासारखे असतात. पहिल्या दिवशी कप्तान टॅक्सी करत होते. मला वाटलं, आपण चालत्या माणसाच्या वेगाने जातोय. ग्राउंड स्पीड पाहिला तर 25 नॉट, म्हणजे ताशी 45 किलोमीटरच्या पुढे. बेस्टच्या डबल डेकरमध्ये वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसलं की खालचा रस्ता कसा सावकाश सरकतो, आणि खाली ड्रायव्हरच्या मागे उभं राहिलं की तोच रस्ता अंगावर येतो, तसं. उंचावरच्या डोळ्याला वेग कमी वाटतो आणि जमीन लांब वाटते.

सिम्युलेटरमध्ये मी पुष्पकच्या सवयीने कडा कानांपर्यंत यायची वाट पाहत बसलो. त्या यायच्या आधीच खालून दणका बसला. माझ्या हिशेबाने जमीन अजून तीन मजले खाली होती, आणि ते खरंही होतं. माझ्या डोळ्यांपासून ती तेवढीच खाली होती. चाकांपासून मात्र नव्हती.

इथे मोठ्या विमानाचा सगळा घोळ आहे. ठिपक्याकडे जातात ते डोळे. चाकं त्याच रेषेच्या दहाएक मीटर खालून, मागून, ओढल्यासारखी येत असतात. 3 अंशांच्या उतारावर दहा मीटर खाली म्हणजे जवळजवळ दोनशे मीटर अलीकडे. डोळे रनवेच्या सुरुवातीवर रोखले तर चाकं कुंपणाच्या भिंतीवर जातील. म्हणून रनवेवर जाड पांढऱ्या पट्ट्यांची जी जोडी रंगवलेली असते, सुरुवातीपासून साधारण 400 मीटर आत, तिच्यावर डोळे ठेवायचे. आणि शेवटी त्या ठिपक्यावर पोचायचंच नाही. तीसेक फुटांवर तो सोडून द्यायचा, नजर उचलून लांब टोकाला न्यायची, आणि नाक दोन-तीन अंश वर घ्यायचं. यालाच आम्ही फ्लेअर म्हणतो. आधी सोडलं तर विमान तरंगत राहतं. उशिरा सोडलं तर आपटतं. हातांना यात फारसं काम नाही, जेमतेम दोन बोटांची हालचाल. सगळी कसोटी हा क्षण ओळखण्यात.

हा क्षण नुसत्या अंदाजावर न सोडता ठरवता येतो असं ऑस्ट्रेलियाचे कप्तान डेव्हिड जेकबसन यांनी मांडलं आहे. ठरवलेल्या ठिपक्याच्या अलीकडची रनवेवरची एक जागा आधीच हेरून ठेवायची; ती कॉकपिटच्या खालच्या कडेआड गेली की फ्लेअर सुरू. मी हे उशिरा वाचलं. मग पुढच्या काही लँडिंगांना स्वतःवर लक्ष ठेवलं, तर मी नकळत तसंच काहीतरी करत होतो. काचेच्या खालच्या कडेशी काहीतरी दिसेनासं झालं की हात हलायचा. आजीला शेवयांचा पाक झाला हे कशावरून कळतं विचारलं तर ती म्हणायची, "कळतं." तिच्याकडेही अशी एखादी कड असणार.

हाँगकाँगच्या काय-ताकवर तर ठिपक्याची सोयच नव्हती. तेरा नंबरच्या रनवेला येताना विमान सरळ टेकडीकडे न्यायचं. टेकडीवर मोठाल्या चौकटींचा पट रंगवलेला. तो दिसला की उजवीकडे 47 अंश वळायचं, कौलूनच्या गच्च्यांवरून, आणि दोनशे फुटांच्या आसपास पंख सरळ होईतो रनवे समोर आलेला असला पाहिजे. वळणात काचेवर काहीच स्थिर नसतं, सगळं दृश्य तिरपं वाहतं. माझे कप्तान ते लीलया करत. मी त्यांना विचारलं, तुम्ही धरता काय? ते म्हणाले, "काही धरत नाही. ठिपका जिथे येणार आहे, तिथे त्याची वाट बघतो." 1998 च्या 6 जुलैला काय-ताक बंद झालं. मला डावीकडच्या खुर्चीतून तिथे उतरायला मिळालं नाही, याची हळहळ आहे आणि थोडं हायसंही वाटतं.

डोळे फसतात, आणि ज्याला खात्री आहे त्याचे जास्त फसतात. सांताक्रूझला पश्चिमेकडून येताना जुहू वाटेतच, थोडं डावीकडे, रनवेचा रोखही जवळपास तोच. 1953 मध्ये बीओएसीचं कॉमेट आणि 1972 मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-8, अशी दोन जेट विमानं सांताक्रूझ समजून जुहूच्या चिमुकल्या पट्टीवर उतरली. क्लबात हे हसत सांगत. मलाही तेव्हा हसू यायचं. पुढे स्वतः उजाडताना दमट धुरकटात समुद्रावरून येऊ लागलो तेव्हा हसू गेलं. रात्रभर जागलेल्या माणसाला जो रनवे आधी दिसतो, तोच आपला वाटतो.

अरुंद रनवे पाहिला की आपण फार उंच आहोत असं वाटतं आणि माणूस खाली जातो. रुंद पाहिला की उलट. धुरकटात सगळं लांब वाटतं, लख्ख दिव्यांत जवळ. म्हणून रनवेच्या बाजूला चार दिवे असतात: दोन लाल, दोन पांढरे दिसले तर उंची बरोबर, सगळे लाल म्हणजे फार खाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांचं नाव पडलंय पापी. मराठी को-पायलट सोबत असला की "पापी काय म्हणतंय?" हा विनोद ठरलेला. पापी नेहमी खरं सांगतं. मात्र शेवटच्या दोनेकशे फुटांत त्याचा उपयोग संपतो. तिथून पुढे पुन्हा आपले डोळे.

आणि कान. 777 मध्ये जमीन जवळ आली की छतातून एक निर्विकार आवाज मोजायला लागतो: फिफ्टी, फॉर्टी, थर्टी, ट्वेन्टी, टेन. हे फूट असतात, आणि माझ्या डोळ्यांचे नाहीत, चाकांचे. न दिसणाऱ्या चाकांना एवढी एकच वाचा. नवशिके त्यातले आकडे ऐकतात. खरं ऐकायचं असतं ते दोन आकड्यांमधलं अंतर. नेहमीच्या उताराने, मिनिटाला सातशे फुटांनी येत असाल, तर दहा फूट पार व्हायला सेकंदाहून थोडं कमी लागतं, आणि आवाज एका ठेक्यात पडतो. ठेका दुगुणीत गेला तर विमान कोसळतंय, हात आत्ता हवा. 'ट्वेन्टी' नंतर ठेका सैल पडला तर फ्लेअर लागला. आणि समच आली नाही, तर तुम्ही तरंगताय.

मुंबईच्या सत्तावीस नंबरच्या रनवेवर मी इतक्यांदा उतरलोय की त्याची उजळणी झोपेत करू शकेन. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, त्यामुळे येणं पूर्वेकडून, नवी मुंबईवरून. ठाण्याची खाडी संपते तिथे उंची बारा-तेराशे फूट. हजार फुटांना चाकं बाहेर, फ्लॅप पूर्ण, वेग ठरल्याप्रमाणे, इंजिनं आवाजात; यातलं काही राहिलं असेल तर तिथूनच वर जायचं, वाद नाही. घाटकोपर-विद्याविहारच्या दरम्यान मध्य रेल्वेचे रूळ खालून जातात तेव्हा पाचशे. मग जरीमरीची पत्र्याची घरं, पावसाळ्यात सगळ्यांवर निळी ताडपत्री. ती निळाई काचेच्या खालच्या कडेआड गेली की पुढे काळा डांबरी रनवे. वारा बहुधा नैर्ऋत्येचा, म्हणून नाक थोडं डावीकडे वळवून तिरकं यायचं. ठिपका समोर नसतो, काचेत उजव्या अंगाला असतो. शेवटी उजव्या पायाने नाक सरळ करायचं.

2011 च्या ऑगस्टात मी अमेरिकेहून पंधरा-सोळा तासांचं उड्डाण करून असा उतरलो. रनवेवर पाणी. चाकं ठरल्या जागी, जाड पट्ट्यांच्या जरा पुढे, ठामपणे टेकवली. ओल्या रनवेवर तसंच टेकवायचं असतं. अलगद टेकवलं तर चाकं पाण्याच्या थरावरून घसरतात, फिरायलाच लागत नाहीत, ब्रेकला पकड मिळत नाही. विमानाच्या नोंदीत त्या टेकण्याचा आकडा 1.4 जी, म्हणजे नेहमीच्या वजनाच्या दीडपटीच्याही आत. माझ्या मते त्या वर्षातलं ते माझं उत्तम लँडिंग. दाराशी उभा राहून निरोप देत होतो, तर व्हीलचेअरवरच्या आजी थांबल्या, मला नीट न्याहाळलं आणि मुलाला म्हणाल्या, "हेच का चालवत होते? वयाने मोठे दिसतात, मला वाटलं कोणी नवीन असेल."

मी हसलो. पण तो शब्द कुठेतरी रुतून बसला असावा. मी स्वतःला असल्या गोष्टींच्या पलीकडचा समजत होतो.

2014 च्या जुलैतली रात्र. तोच रनवे, पाऊस. को-पायलट कोल्हापूरची, माझ्या मुलीच्या वयाची, दर वाक्याला 'सर' लावणारी. विमान मी उतरवत होतो. हजार फुटांना सगळं चोख, पाचशेला चोख. वायपर पूर्ण वेगात, तरी काचेवर पाण्याचा थर होता, आणि त्या थरात रनवेचे दिवे फुगून एकमेकांत मिसळले होते. फुगलेला दिवा जवळचा वाटतो. फिफ्टी, फॉर्टी. कडा मला वर चढताना दिसल्या, प्रत्यक्षात चढल्या नव्हत्या, आणि मी नाक थोडं आधी उचललं. थर्टी. मग लांबून ट्वेन्टी. मग काहीच नाही.

तरंगत असल्याचं मला कळत होतं, हे इथे कबूल करायला हवं. दोन वाटा होत्या: नाक किंचित सैल सोडून विमान खाली ठेवणं, किंवा वर जाणं. मी तिसरी वाट घेतली. थांबलो. आता आलोच आहे तर अलगद बसेल, असा तो विचार होता. विचार कसला, हाव. 140 नॉटला विमान एका सेकंदात 72 मीटर जातं. तीन सेकंदांची हाव म्हणजे दोनशे मीटरहून जास्त रनवे मागे.

"गो अराऊंड."

त्यात 'सर' नव्हतं. माझा अंगठा मी ठरवायच्या आधीच बटणावर गेला होता. इंजिनांना पूर्ण जोर यायला काही सेकंद लागतात आणि तोवर विमान खालीच बसत जातं. छतातला आवाज "टेन" म्हणाला, तेव्हा आम्ही वर निघालेलो होतो. फ्लॅप्स ट्वेन्टी. पॉझिटिव्ह रेट. गिअर अप. बाहेर काळोख, उजव्या हाताला खाली कुठेतरी जुहू, मग समुद्र. मागे साडेतीनशे माणसं खुर्च्यांत रुतलेली, आणि माझ्या डोक्यात चमत्कारिकपणे एवढंच की त्या ग्रीस पेन्सिलवाल्या माणसाने आत्ता मला काय सुनावलं असतं.

अठरा मिनिटांनी पुन्हा आलो आणि उतरलो. बरंच ठोक उतरलो. गेटवर इंजिनं बंद झाल्यावर मी तिला विचारलं, कधी ठरवलंस? ती म्हणाली, "सर, एक-एक पट्टी गेली होती."

रनवेच्या सुरुवातीला टेकायच्या भागावर दोन्ही बाजूंना पट्ट्यांचे गट रंगवतात: आधी तीन-तीन, मग त्या जाड पट्ट्या, मग दोन-दोन, शेवटी एक-एक. एकेरी पट्ट्याही मागे पडल्या म्हणजे नऊशे मीटर संपले, आणि टेकायची मुदतही. मी लांब बघत होतो, कडा बघत होतो, पंचवीस हजार तासांच्या अनुभवातून बघत होतो. ती पट्ट्या मोजत होती. उरलेल्या अडीच किलोमीटरमध्ये विमान थांबलंही असतं. बहुधा थांबलं असतं. हा 'बहुधा' मला अजून आवडत नाही.

7 ऑगस्ट 2020 ला कोळिकोडचा अपघात झाला. टेकडीच्या माथ्यावरचा रनवे, रात्र, पाऊस, मागून वारा. 21 जीव गेले. चौकशीचा अहवाल आला तेव्हा मी तो छापून घेऊन घरी दिवाणखान्यात वाचत बसलो. 8,858 फुटांच्या रनवेवर चाकं टेकली होती 4,438 फुटांवर. मी पेन्सिलीने समासात भागाकार मांडला, किती सेकंद. आकडा अगदी लहान आला. बायकोने चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला. त्या कॉकपिटमधल्या माणसांचा निवाडा करायला मी बसलेलो नव्हतो. मी माझे तीन सेकंद त्या आकड्याशेजारी ठेवून पाहत होतो.

2022 मध्ये मी निवृत्त झालो. पुढल्या जूनमध्ये एका संध्याकाळी काही काम नसताना रिक्षा करून जरीमरीला गेलो. हा भाग पस्तीस वर्षं मी फक्त वरून, निळ्या रंगाचा म्हणून ओळखत होतो. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना शिलाईची मशीनं चालू, भंगाराचे ढीग, आणि टोकाला एक चहाची टपरी. कुंपण तिथून दिसतं. मी चहा घेतला आणि उभा राहिलो.

आधी छोटी दोन विमानं गेली. मग एक 777 आलं. ते इतकं खालून जाईल असं मला वाटलं नव्हतं, आणि ते अगदी बरोबर उंचीवर होतं हेही कळत होतं. कॉकपिट डोक्यावरून गेलं, मग पोट, पोटाचा अंतच होईना, आणि त्यानंतर ती आली: दोन्ही बाजूंना सहा-सहा, मागची जोडी खाली लोंबलेली, पुढची वर उचललेली, घोडा मागच्या पायांवर यावा तशी. काळी, घाणेरडी, प्रचंड. कॉकपिट कधीच पुढे जाऊन भिंतीआड झालं होतं. चाकं आत्ता कुठे येत होती. मी मनात मोजायला लागलो. फिफ्टी. फॉर्टी.

"हा लांब जाणार," टपरीवाला म्हणाला. तो वर बघतही नव्हता, गाळणी आपटत होता.

"कशावरून?"

"आवाज लवकर पडला." त्याने इंजिनाचा आवाज तोंडाने काढून दाखवला, उतरता. "रोज ऐकतो ना. पावसात जास्त होतं." मग माझ्या ग्लासाकडे बघून, "अजून एक देऊ का, काका?"

मी हो म्हणालो. भिंतीपलीकडे चाकं टेकल्याचा आवाज मला अपेक्षित होता त्याहून अंमळ उशिरा आला.